पानाची डावी बाजू

रामनगरच्या आमच्या शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे असते, एक माझ्याकडे. दोन्ही हजर झाल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, आणि तिजोरी उघडल्याशिवाय काउंटरवर रोकड येत नाही. त्यामुळे घरात कुणाला ताप असो, रस्त्यात सांड आडवा बसलेला असो, राजघाटच्या पुलावर ट्रक बंद पडलेला असो, मला वेळेवर पोचावंच लागतं. गंगेच्या अलीकडे राहायचं आणि पलीकडे नोकरी करायची म्हणजे सकाळी आठला घर सोडायचं. संध्याकाळी सात वाजता परत आले तर नशीब.

कोल्हापुरात बदलीचा हुकूम आला तेव्हा सगळ्यांनी मला काशीचं पुण्य सांगितलं. लोक मरायच्या आधी एकदा जाऊन येतात, तुला तर पगार देऊन पाठवताहेत, असं शेजारच्या काकांनी हसत हसत ऐकवलं. दुसरीतल्या पोरीला सकाळी शाळा भरेपर्यंत आणि दुपारी शाळा सुटल्यावर कोण सांभाळणार, हे मात्र त्या पुण्यवान मंडळींपैकी एकानेही सांगितलं नाही.

सांगितलं ते सासूबाईंनी. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट, हंगाम सुरू झाला की त्याला जेवायला फुरसत नसते, तो येणं शक्यच नव्हतं. "पोरीला माझ्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या, "तू जा, नोकरी कर, सुट्टीला ये." त्या वाईट नाहीत. त्यांच्या हातचं खाऊनच माझी लेक तिच्या तिसऱ्या वर्षापर्यंत गुटगुटीत राहिली, हे मी कुणापुढेही कबूल करीन. पण पोरीला ठेवून जा म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "आई म्हणते त्यात चूक काही नाही." या वाक्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तह झाला तो असा की, दिवाळीपर्यंत बघायचं. तिथे पोरीची नीट व्यवस्था लागली तर ठीक, नाही तर दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई स्वतः येऊन तिला घेऊन जातील आणि पुढची शाळा कोल्हापुरात. पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढी एक अट मी घातली.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांमध्ये जुनी मराठी वस्ती आहे, तिथे दोन खोल्या मिळाल्या. भाषा कानावर पडेल, एवढाच माझा हिशेब होता. पहिले काही दिवस पोरीला मैदागिनजवळच्या एका पाळणाघरात ठेवलं. तिथे सगळ्या मुलांना टीव्हीसमोर बसवत. ती संध्याकाळी मला दिसायची ती सकाळी घातलेल्या बुटांत, दप्तर मांडीवर घेतलेली, निघायच्या तयारीत. "बूट का नाही काढलेस?" विचारलं तर म्हणाली, "कुणी काढ म्हटलंच नाही." त्या रात्री मी एकटीच रडले आणि मग स्वतःचाच राग आला म्हणून भांडी घासली.

काकूंचं घर मला दूधवाल्याने सांगितलं. "काकू के यहाँ पूछिए न, बच्चे वहीं रहते हैं," तो म्हणाला, जणू हे सगळ्या बनारसला ठाऊक आहे आणि मलाच तेवढं नाही. काकू म्हणजे त्या गल्लीतल्या एका गुरुजींची बायको. साठी ओलांडलेली, ठेंगणी, भरभर चालणारी बाई. मराठी माणसं त्यांना काकू म्हणत, त्यामुळे गल्लीत तेच त्यांचं नाव पडलं होतं. कोपऱ्यावरचा कचोरीवालासुद्धा "काकू जी" म्हणे. काका, म्हणजे ते गुरुजी, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करत. यात्रेकरू त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर उतरत, काकू त्यांचा स्वयंपाक बघत. मुलगा पुण्यात नोकरीला. समोरच्या नर्सबाईंना पाळीवर जावं लागे, म्हणून त्यांचे दोन मुलगे काकूंकडे थांबू लागले. मग कचोरीवाल्याची मुलगी आली. दारावर पाटी नव्हती, पाळणाघर हा शब्द काकूंनी कधी ऐकलाही नसेल.

"ठेवीन की," त्या मला म्हणाल्या. इथली मराठी अशीच, अर्धा पाय हिंदीत. "तू बिलकुल फिकर नको करू. सकाळी सोड, मी नाश्ता करून स्कूलला पाठवीन, सुटली की सीधी इथेच येईल. पण एक सांगते. मी तिला पाहुणीसारखी नाही ठेवणार. माझ्याकडे बच्चे लोक काम करतात."

माझं डोकं लगेच तापलं. "कसलं काम?"

"पंगत वाढतात," काकू म्हणाल्या आणि पोरीकडे वळून म्हणाल्या, "बूट काढ बिटिया, आत ये."

पोरीने बूट काढले.

यात्रेकरूंची पंगत दिवेलागणीच्या सुमाराला बसे. मांडायच्या पत्रावळी, ज्यांना इथे पत्तल म्हणतात, त्या नर्सबाईंचा धाकटा मांडी. थोरला पाणी देई. पानाची उजवी बाजू, म्हणजे भाज्या, आमटी, वाट्या, हे मोठ्यांचं काम. डावी बाजू मुलांची. आधी वर मधोमध मीठ, मग डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. नव्या मुलाला मीठ मिळे. मीठ सगळ्यात सोपं आणि सगळ्यात आधीचं. मीठ पडल्याशिवाय पानात दुसरं काही पडत नाही, हे काकूंनी तिला इतकं बजावलं होतं की ती माझ्या एकटीच्या ताटातही मीठ वाढल्याशिवाय मला पोळी घेऊ देत नसे. कोशिंबीर कचोरीवाल्याच्या मुलीकडे होती, आणि ती त्या जागेवरून हलायला तयार नव्हती. आमच्या बँकेत बढतीसाठी जेवढं राजकारण चालतं त्याहून त्या चार मुलांत जास्त चाले. पावसाळ्यात माझ्या लेकीला मिठासोबत लिंबूही मिळालं, त्या दिवशी तिने कोल्हापूरला फोन लावून बातमी दिली. "आता फक्त चटणी राहिली," ती आजीला म्हणाली.

मी संध्याकाळी घ्यायला जाई तेव्हा बहुधा पंगत चालू असे. मी दारातच उभी राहून बघे. घरी ताटातल्या तीन घासांसाठी मला नाचवणारी ही पोरगी, कमरेत वाकून, डाव्या हातात मिठाची वाटी घेऊन, अनोळखी म्हाताऱ्या माणसांपुढून शहाण्यासारखी सरकत असे. कुणी "पुरे गं बाय" म्हटलं की मान हलवे. वाढून झालं की शेवटी मुलांची पंगत, आणि तिथे ती सगळं खाई. दोडकासुद्धा. माझ्या दिवसभराच्या सगळ्या कटकटी त्या दारात गळून पडत. हे मला काकूंना सांगता आलं नाही, कारण मला असलं काही सांगताना नेमकी चीड आल्यासारखा चेहरा होतो.

आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो तो आषाढाचा आरंभ होता. पहिल्याच आठवड्यात कांदेनवमी आली. त्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. आषाढी एकादशीला बंद होतो तो कार्तिकी एकादशी उलटल्यावर परत सुरू होतो. म्हणून आधीच्या नवमीला घरातले सगळे कांदे संपवायचे. काकूंनी परातभर भजी तळली, कांद्याची थालीपिठं लावली, काकांनी इतकी खाल्ली की दुसऱ्या दिवशी ते ओवा चघळत बसले होते. "आता चार महिने कांद्याला रामराम," काकूंनी मुलांना सांगितलं. मुलांनी हात जोडून टोपलीतल्या शेवटच्या कांद्याला नमस्कार केला. माझ्या लेकीनेही केला. तेव्हा नियम तिला माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये.

पण चटणीचं वेगळं होतं. सासूबाई दर महिन्याला कोल्हापूरहून डबा पाठवत, लालभडक कांदा-लसूण चटणी. आमच्याकडे तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. ती 'आजीची चटणी'. लेक शाळेच्या डब्यात पोळीबरोबर ती नेई आणि पुरवून पुरवून खाई, कारण संपली की महिनाभर वाट बघावी लागे. त्या लाल भुकटीत कांदा असतो हे तिला कुठून कळणार? ती आजीत कांदा शोधायला कशाला जाईल?

भाद्रपदात पितृपक्ष लागला. काकांच्या घरी वर्षातली सगळ्यात मोठी वर्दळ त्याच पंधरवड्यात. महाराष्ट्रातून माणसं येत, घाटावर पिंडदान करत आणि वर येऊन श्राद्धाचं जेवण. हे जेवण दुपारी आणि सगळं सोवळ्यात, त्यामुळे मुलं शाळेतून येईपर्यंत बहुधा आटोपलेलं असे. नसलं तर मुलांनी सरळ गच्चीवरच्या खोलीत जायचं, अशी ताकीद होती. शिवाय श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत. "पंधरा दिवस माझी ड्यूटी बंद," लेक मला म्हणाली. तिचं तोंड बघून मला हसू आवरेना.

तो दुसरा शनिवार होता, मला सुट्टी. शाळा मात्र चालू. "आज सीधी घरी ये, मी आहे," मी तिला सकाळी म्हटलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला रजेवर पाठवत होते. म्हणून मग ती काकूंकडेच गेली आणि मी आठवड्याचे कपडे घेऊन बसले.

त्या वर्षी पाणी बरेच दिवस चढलेलं होतं. घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या, सगळ्यांची कृत्यं वरच्या एकाच अरुंद चौथऱ्यावर, पाळी लावून. म्हणून काकांच्या यजमानांना वर यायला उशीर झाला. हे यजमान लातूरकडचे, तीन पिढ्यांपासून काकांच्याच घरी येणारे. थोरला मुलगा वडिलांचं श्राद्ध करायला आला होता, बरोबर बायको आणि भावकीतली दोन माणसं. मुलं शाळेतून आली तेव्हा खालच्या दालनात पानं मांडलेली, आत काकू सोवळ्यात वडे तळताहेत, आणि बाहेर कुणी नाही. तिघं गच्चीवर गेली. माझी लेक पानांपाशी थांबली.

तिने काय पाहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. पानांत मीठ नव्हतं. लिंबू नव्हतं. चटणी नव्हती. माणसं तर गल्लीतून येताना ऐकू येत होती. काकू विसरल्या, असं तिला वाटलं. श्राद्धाला मीठ नसतं हे ती घाईत विसरली. तिने शिकवल्याप्रमाणे हात धुतले, मिठाची वाटी काढली, प्रत्येक पानावर मधोमध मीठ वाढलं. लिंबू सापडलं नाही. चटणीची जागा रिकामी बघून तिला राहवेना. दप्तरातून डबा काढला आणि आजीची चटणी सगळ्या पानांवर, डाव्या बाजूला, बरोबर जागेवर वाढली. शेवटच्या पानाला ती पुरली नाही, तर झाकणाला लागलेली बोटाने निपटून वाढली. एवढी मोलाची वस्तू तिने आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

कचोरीवाल्याची मुलगी धावत मला बोलवायला आली. "आंटी, जल्दी चलिए, बहुत गड़बड़ हो गई." ओले हात तसेच, मी गल्लीतून पळत सुटले. चार वळणांचं अंतर. तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं होऊन गेलं. काकू नाही म्हणणार, दुसरी जागा नाही, दिवाळी महिन्यावर, सासूबाईंची बॅग, कोल्हापूरची गाडी आणि फलाटावर मी एकटी.

दालनात पोचले तर लसणाचा वास दारापर्यंत येत होता. थोरले यजमान ओल्या पंच्याने उभे होते, चेहरा लाल. खरं सांगायचं तर त्यांचाही मला राग आला नाही. बापाचं करायला माणूस एवढ्या लांबून येतो आणि पानात कांदा-लसूण बघतो, त्याने काय करावं? काका मात्र शांत होते.

"पानं बदलतो," ते म्हणत होते. "पानांवर फक्त मीठ आणि चटणी पडलीय. स्वयंपाक आत आहे, त्याला कुणाचा हात लागलेला नाही. आणि लेकराला सोवळं-ओवळं नसतं, त्याचा दोष धरू नका."

"पानांचं सोडा हो गुरुजी," यजमान म्हणाले. "पवित्र जागा म्हणून आमचे आजोबा इथे यायचे. आणि इथे कुणाकुणाची पोरं हिंडताहेत." त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जमलेल्या मुलांकडे हात केला. "कोण आहेत ही?"

"माझ्या घरची आहेत," काका म्हणाले.

"तुमची?"

"घरची म्हटलं ना."

यजमान थोडे नरमले. त्यांनाही भांडण नको असावं. "बरं, असं करा. पितृपक्षात तरी ही मुलं या घरात येणार नाहीत, एवढं सांगा. आम्ही बसतो. आम्ही गावाकडेही काही बोलणार नाही."

हे सगळ्यात सोपं होतं. एक वाक्य, आणि सगळं मिटलं असतं. मी पुढे झाले, म्हणाले, "काका, मी हिला घेऊन जाते," तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून काकू म्हणाल्या, "तू थांब तिथेच."

काकांनी जिन्यापाशी उभ्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तसं मला सांगता येणार नाही."

यजमान काही बोलणार, तेवढ्यात काकाच पुढे म्हणाले, "तिथी आजची आहे, ती चुकता कामा नये. पुढच्या गल्लीत गुरुजी आहेत, माझ्याच माहितीतले, आज त्यांच्याकडेही स्वयंपाक आहे. चला, मी तुम्हाला पोचवतो. जेवायला सांगितलेले ब्राह्मणही तुमच्याबरोबर येतील." आणि खांद्यावर उपरणं टाकून ते खरोखरच निघाले. तीन पिढ्यांचं घराणं त्यांनी स्वतःच्या पायाने दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. ते लोक परत कधी काकांकडे आले नाहीत, त्यांच्या गावची आणखी दोन घरंही तुटली, हे मला पुढे नर्सबाईंकडून कळलं. काका-काकूंच्या तोंडून त्याबद्दल एक अक्षर मी ऐकलेलं नाही.

निघताना यजमानांची बायको मागे रेंगाळली. पानातल्या चटणीकडे बघून मला हळूच म्हणाली, "कोल्हापुरी ना? वासावरून कळतं," आणि नवऱ्यामागे गेली.

लेक जिन्याखाली होती. दप्तर पाठीला लावलेलं, पायात बूट. मी समोर बसले तरी तिने वर बघितलं नाही.

"मला आता कोल्हापूरला पाठवणार का?" तिने विचारलं.

तिला सगळं माहीत होतं. फोनवर मी जे दार लावून बोलायचे ते तिने ऐकलं होतं, आणि कितीतरी दिवस एकटीने पोटात ठेवलं होतं. काकू आल्या, सोवळं तसंच नेसून जमिनीवर बसल्या आणि तिला दप्तरासकट मांडीवर ओढली. त्या पंधरवड्यात सोवळ्यातल्या काकूंच्या जवळपासही कुणी फिरकत नसे.

"त्या चटणीत कांदा आहे बिटिया," काकू म्हणाल्या. "म्हणून गडबड झाली."

"नाही," पोरगी हुंदके देत म्हणाली. "ती आजीची आहे."

काकूंना हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघी हसतोय हे बघून ती जास्तच रडायला लागली.

काका परत आले तेव्हा दालन पुसून झालं होतं. स्वयंपाक तर केवढा तरी पडलेला, खीर, वडे, आळूची भाजी, आमटी. काकू म्हणाल्या, "आता बसा सगळे." नव्या पत्तली आल्या. मुलं ओळीने बसली, मलाही बसवलं. लेक तेवढी बुटांसकट जिन्याखालीच राहिली. काका टोकाच्या पानावर बसले. काकूंनी भात वाढायला घेतला तर त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"माझ्या पानात मीठ नाही," ते म्हणाले.

काकू थांबल्या. कचोरीवाल्याची मुलगी उठायला लागली तर काकांनी तिला मानेनेच बसवलं. जिन्याकडे बघितलंही नाही त्यांनी. "मिठाशिवाय पानात दुसरं काही पडत नाही, असा या घरचा नियम आहे. ज्याची पाळी असेल त्याने वाढावं. मला भूक लागलीय."

सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. जिन्याखाली बराच वेळ काही हललं नाही. मग एक बूट काढल्याचा आवाज आला, मग दुसरा. ती आली, हात धुतले, मिठाची वाटी घेतली आणि नाक ओढत ओढत सगळ्या पानांवर मीठ वाढलं. काकांच्या पानावर पडलेल्या चिमटीत थोडं डोळ्यातलं पाणीही पडलं असेल. काकांनी हात बाजूला घेतला, काकूंनी भात वाढला.

"आणि ती चटणी," काका घास कालवत म्हणाले. "घरी आहे ती जपून ठेव. कार्तिकीनंतर मला वाढ. तोपर्यंत तू चटणीवर आलेली असशील."

कार्तिकी दिवाळीच्या नंतर येते. दिवाळीची सासूबाईंची अट काकांना माहीत होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मी खाली मान घालून आळूची भाजी खात राहिले, कारण वर बघितलं असतं तर पंगतीत रडले असते. त्या घराचे उपकार कसे फेडायचे हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आता लेक पाचवीत गेली, कोशिंबिरीपर्यंत पोचली, आणि अजूनही कळत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मी मिठाईचा पुडा घेऊन गेले. काकूंनी तो उघडून मुलांत वाटला आणि मला म्हटलं, "सोमवारी किती वाजता सोडणार? आठ ना?"

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असताना सासूबाईंचा फोन आला. तिकीट काढायचं होतं, येऊ की नको ते त्या विचारत होत्या. फोन स्पीकरवर होता आणि मी वाक्य जुळवत होते. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, नवऱ्याचं नाव घ्यायचं की नाही. माझं काही ठरायच्या आत लेकीने फोनला तोंड लावलं.

"आजी, तू ये, पण मला न्यायला नको येऊस. इथे काकांना कार्तिकीनंतर चटणी वाढायची आहे, माझी पाळी आहे. पंगत मोठी असते. तुझी चटणी पुरत नाही."

पलीकडे डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"किती आणू गं?" सासूबाईंनी विचारलं.